आमडी तलावातला माझा वाटा

मी, मुखरू झिंगू भानारकर, वय एकाहत्तर, जात ढिवर, राहणार आमडी टोला, तालुका ब्रह्मपुरी, डोकं शाबूत असताना, कोणाच्या धाकाविना आणि आज एक घोटही न घेता हे मृत्युपत्र वकील रंजीताबाईंकडून लिहवून घेत आहे.

१. दोन खोल्यांचं घर व परसातला मोहा बायको चंदाला. ती जिवंत असेपर्यंत तिला कोणी 'सरक' म्हणू नये.

२. माझी लाकडी नाव, डोंगा, देता येत नाही. आमडी तलाव अभयारण्यात, तिथं मासे धरले म्हणून चार वर्षांपूर्वी वनखात्यानं तो जप्त केला, त्यांच्या फाटकामागे सडतो आहे. त्याच फाटकातून तलावातल्या मासेमारीच्या ठेकेदाराच्या दोन मोटारबोटी आणि बर्फाचा ट्रक आत गेला, तेव्हा फाटकावरच्यानं सलाम ठोकला. थू! (बाई म्हणतात, हा शब्द कागदात शोभत नाही. राहू द्या.)

३. जाळं विणायची बांबूची पट्टी, चार बोटं रुंद, म्हणजे जाळ्याचं भोकही तेवढंच, नात दिव्याला. याहून बारीक भोकाचं जाळं आमच्या घरात कोणी विणलं नाही. ठेकेदाराचं जाळं म्हणजे मच्छरदाणी. पिल्लंवाल्या मरळीवर ढिवर जाळं टाकत नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांनी मरळ ठेवली आणि तिची लाल पिल्लं काठावर फेकली. आठ दिवस वास होता.

४. पिल्लं फेकली ती बोट माझा मुलगा, दिव्याचा बाप, हेमराज चालवत होता. मी विचारलं, "काऊन रे, पिल्लं दिसली नाई तुले?" म्हणाला, "मी नाई चालवली तं दुसरा चालवन." असल्या उत्तराची किळस येते.

५. मच्छीमार संस्थेतलं माझं सभासदत्व दिव्याला. तलाव संस्थेच्या नावावर आहे, ठेकेदार आमच्या अंगठ्यांवर आत शिरला. पहिला अंगठा माझाच. 'बोटी गावाच्या होतील' म्हणाला आणि मी म्हातारा भुललो. दिव्याला वाचता येतं. येत्या उन्हाळ्यात ठेक्याचा कागद पुन्हा सहीला येईल, तेव्हा तिनं नाही म्हणावं.

६. माझ्या तेरवीला ठेकेदाराचा मासा नको. ढिवराच्या घरी नुसता वरणभात म्हणून लोक नावं ठेवतील. ठेवू द्या, पण कारण सांगा.

७. हेमराजला काहीही नाही. बाई सांगतात, ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. म्हणून साक्षीला त्यालाच बोलावलं. सगळं वाचून तो खाली बसला. "बाबा, पट्टी तरी मले द्या," म्हणाला. मी पेन पुढे केला.

डाव्या हाताचा अंगठा: मुखरू झिंगू भानारकर
साक्षीदार: जंगू मडावी, शेजारी
साक्षीदार: हेमराज मुखरू भानारकर, मुलगा. वाचून, समजून सही केली.

ब्रह्मपुरी, ११ फेब्रुवारी २०२५