पुढचा ब्रेक आणि शिवणयंत्राचं तेल

१ फेब्रुवारी, सकाळ

ठरलं. मोटारसायकल यापुढे स्वतः दुरुस्त करायची. कन्येला नोकरी लागली आहे, दोन मार्चला रुजू व्हायचंय. कारखाना टेकडीच्या पलीकडे, आमचं घर टेकडीवर. म्हणजे घराच्या फाटकातून निघालं की सरळ उतार. माझी जुनी गाडी तिला द्यायची, असा शब्द देऊन बसलोय. सौ. म्हणते, आधी गॅरेजला टाका, पुढचा ब्रेक किंचाळतोय. पण गॅरेजवाला मागच्या खेपेला माझ्या तोंडावर हसला होता. त्याची पायरी चढणार नाही. आणि गरज तरी काय? मला यंत्रांची उपजत समज आहे. वडीलही म्हणायचे, हा काहीही उघडू शकतो.

१ फेब्रुवारी, दुपार

काम फत्ते! आणि जेवायच्या आत. पुढच्या चाकाला लोखंडी थाळीसारखी डिस्क असते. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटा काढतात. लोखंड घासतं, म्हणून किंचाळतं. दार कुरकुरलं की बिजागरीला तेल घालतोच ना आपण? सौ.च्या शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब डिस्कवर सोडले. बरं, चार. आवाज साफ बंद. एवढी साधी गोष्ट गॅरेजवाल्याला सुचू नये याचं नवल वाटतं.

सौ.ला सांगितलं नाही. बाटली तिची आहे.

४ फेब्रुवारी

गाडी आता लोण्यासारखी चालते. थांबतेही लोण्यासारखीच, म्हणजे जरा पुढे जाऊन. चौकात समोरच्या टेम्पोला हलकेच टेकली. टेम्पोवाला फार बोलला. लोकांत सबुरी राहिलेली नाही.

शेजारचे मास्तर भेटले. शाळेत जन्मभर ड्रॉइंग शिकवलं, वर्तुळं काढली, म्हणून चाकांवर आपला अधिकार आहे असं त्यांना वाटतं. विचारत होते, डिस्कला काही लावलंत का? म्हटलं, छे हो. मी काही लावलं नव्हतंच. नुसतं सोडलं होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

ब्रेक लागत नाही हे आता मान्य करायला हरकत नाही. माझं निदान: पॅड म्हातारे झाले. ज्या लोखंडी जबड्यात ते बसतात तो कॅलिपर सोडवून खाली घेतला. कन्या येऊन म्हणाली, बाबा, मी काही धरू का? तिला वर पिटाळलं. यंत्राभोवती गर्दी नको.

पॅड काढून टूथब्रशने घासले. दरम्यान हँडलवरचा ब्रेकचा लिव्हर ठीक चालतो का म्हणून सहज दाबून पाहिला. चालतो. फारच चालतो. जबड्यातला, पॅडना ढकलणारा पिस्टन टुणकन बाहेर पडला आणि पाठोपाठ सगळं ब्रेक ऑइल माझ्या शर्टावर. एका अर्थी बरंच झालं. जुनं ऑइल काढायचंच होतं.

(शर्ट बदलायचा. मळलेला बादलीत सगळ्यात खाली.)

९ फेब्रुवारी

पिस्टन ठोकून आत बसवला. हँडलवरच्या डबीत नवं ब्रेक ऑइल ओतलं. थोडं पेट्रोलच्या टाकीवर सांडलं. उद्या पुसतो.

११ फेब्रुवारी

पुसायचं राहिलं. टाकीवरचा रंग फोड आल्यासारखा सुटलाय. मास्तर म्हणाले, ब्रेक ऑइल रंग खातं. खात असेल, पण रंगच कच्चा असणार. सौ.ने ते पाहून फडकं माझ्या हातात दिलं.

संकल्प: उद्यापासून रोज एक तास, शिस्तीत.

१४ फेब्रुवारी

उद्यापासून.

१५ फेब्रुवारी, रविवार

रोग सापडला. ऑइलच्या नळीत हवा शिरली आहे! म्हणून लिव्हर मऊ लागतो. मास्तरांचं म्हणणं, हवा काढायला दोन माणसं हवीत. एकाने लिव्हर दाबून धरायचा. दुसऱ्याने खाली कॅलिपरवरचा बारका स्क्रू सैल करून हवा जाऊ द्यायची आणि परत आवळायचा. मगच पहिल्याने लिव्हर सोडायचा. कन्या जिन्यात उभी होतीच. म्हणाली, बाबा, मी दाबते. मी म्हटलं, तू नोकरीची तयारी कर. बापाला एवढं येतं.

सौ.च्या शिवणाच्या डब्यातली नाडी घेऊन लिव्हर दाबून बांधला. मग खाली जाऊन स्क्रू सैल करायचा. मग नाडी सुटायची. मग वर यायचं. दुपारभर मी गाडीभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरलो. मास्तर गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. एवढा वेळ त्यांच्याकडे असतो कसा?

आता लिव्हर थेट मुठीला टेकतो. ही सुधारणाच म्हणायची. कन्येची बोटं नाजूक आहेत, तिला जोर लावावा लागणार नाही.

२२ फेब्रुवारी, सकाळ

गाडी तयार. टाकीच्या फोडांवर स्टिकर चिकटवला. सगळ्यांना खाली बोलावलं. दोन शब्द बोलायचं मनात होतं. कन्या हेल्मेट घालून आली. मी किल्ली पुढे केली, तोच सौ. फाटक लावून त्याला पाठ टेकून उभी राहिली. म्हणाली, "आधी तुम्ही उतार उतरून या. मग पोरीच्या हातात किल्ली द्या."

मास्तरांसमोर! वाईट वाटलं, पण हसून घेतलं. निघतो. जाऊन आलो की सविस्तर लिहीन.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

पुढचा ब्रेक दाबला. काहीच झालं नाही. मागचा दाबला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि गाडी आडवी सरकायला लागली. उताराच्या शेवटी शिंप्याचं दुकान आहे. दुकानाबाहेर नवा झगा घातलेली एक बाई उभी होती. मी तिला मिठी मारून पडलो. नशीब, बाई प्लास्टरची होती. शिंपी धावत आला आणि त्याने आधी तिला उचललं.

घोटा सुजलाय. बाकी खरचटलं तेवढंच.

गटाराच्या कडेला पडल्या पडल्या एकच गोष्ट डोक्यात होती. किल्ली मी पोरीच्या हातात जवळजवळ दिलीच होती. सौ. मध्ये आली नसती तर... पुढचं लिहवत नाही. घोट्याचं दुखणं हातापर्यंत येत असावं.

२३ फेब्रुवारी

रजा. पाय उशीवर. खिडकीतून अंगण दिसतं. कन्येने कॅलिपर सोडवला. गॅरेजला टाकू या, असं मी स्वतः म्हणालो. हे लिहून ठेवतो, कारण कोणी विश्वास ठेवणार नाही. ती म्हणाली, आधी बघू तर द्या.

एक पॅड नाकाशी नेऊन तिने वास घेतला. मग खिडकीशी आली.

"बाबा, याला आईच्या मशीनच्या तेलाचा वास का येतोय?"

सांगितलं. आवाज येत होता, बिजागरी, चार थेंब, सगळं. सौ. दारात उभी राहून ऐकत होती. कपाळाला हात लावून आत गेली. कन्या ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली की पॅड झिजत आले होते म्हणून गाडी किंचाळत होती. ब्रेकने घासायचंच असतं, घासला नाही तर तो धरणार कशाला? तेल प्यायलेले पॅड आता फेकून द्यायचे. ठोकाठोकीत पिस्टनचं रबरही कापलं गेलंय, तेही नवं.

हे तू कुठे शिकलीस, असं विचारलं. म्हणाली, वरून तुम्हाला बघत होते. तुम्ही काही केलंत की ते खरं कसं करतात ते शोधून वाचायचे.

म्हणजे शिकवलं मीच.

२५ फेब्रुवारी

नवे पॅड, नवं रबर. डिस्क स्पिरिटने पुसली. मग मला हाक आली. स्टुलावर बसवलं. "बाबा, तुम्ही फक्त लिव्हर दाबायचा. मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचा नाही."

एवढंच काम! तरी मध्ये एकदा स्पॅनर कसा धरावा हे हाताने दाखवायला गेलो आणि लिव्हर सुटला. हवा परत आत. सौ.ने वर बघत डोळे मिटले. कन्या एवढंच म्हणाली, "परत."

मग मी तोंडही उघडलं नाही. दाबा. धरा. सोडा. दाबा. धरा. सोडा. खालच्या स्क्रूला लावलेल्या नळीतून बुडबुडे येत होते, ते कमी होत गेले, मग थांबले. लिव्हर हाताला भिंतीसारखा कडक लागला. ती खालून वर बघून हसली. लहानपणी सायकल शिकताना मी मागून धरलेलं सीट सोडलं होतं तेव्हा हसली होती, तशीच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ब्रेक ऑइल फार उग्र असतं.

१ मार्च

कन्येने आधी गल्लीत, सपाटीवर, गाडी हळूहळू चालवून पाहिली. मग उतार. मग मला मागे बसवलं. शिंप्याच्या दुकानाशी तिने ब्रेक लावला आणि माझं नाक तिच्या हेल्मेटवर आपटलं. ब्रेक उत्तम आहे. शिंप्याने प्लास्टरची बाई आत नेऊन ठेवली होती.

२ मार्च, सकाळ

गेली. निघताना सौ.ने तिला डबा दिला. मी सूचना द्यायच्या ठरवल्या होत्या, पण ऐनवेळी फक्त "सावकाश जा" एवढंच तोंडातून आलं. फाटकात लंगडत उभा राहिलो. वळणावर ब्रेकचा लाल दिवा लागला. किंचाळण्याचा आवाज येतो का म्हणून कान लावून होतो. आला नाही. गाडी वळली.

घरात आलो. घर फार शांत. तेवढ्यात लक्षात आलं की पुढच्या दाराची बिजागरी कुरकुरतेय. हे काम मात्र नक्की माझं. तेल शोधतोय.

सौ. म्हणते, बाटली सापडणार नाही.