वरच्या दाराबाहेरच्या चपला

१० जुलै, अमरावती. संध्याकाळ.

वरच्या खोलीतली भाडेकरू, अकोल्याची नर्सबाई, आज कामावर गेलीच नाही. सकाळी म्हणाली, "काका, आमी बहाई. आमच्या धर्माचे जे बाब, त्यांना पावणेदोनशे वर्षांमागं इराणात याच दिवशी दुपारी गोळ्या घातल्या होत्या. चार माणसं येतील, प्रार्थना आहे." मी मान हलवली. पण प्रार्थनेला दार कशाला लावायचं?

बारा वाजता दार बंद, बाहेर चपलांची रांग. आतून ना भजन, ना टाळी. माझ्या घरात हे काय चालून राहिलं? हळूच जिना चढलो, खिडकीच्या फटीतून पाहिलं. मूर्ती नाही, पुजारी नाही. सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे, आणि एक पोरगी वाचून राहिली.

वळलो, तर पुन्हा त्या चपला. शेवटच्या जोडाचा अंगठा लाल दोऱ्यानं शिवलेला. तो मीच शिवला होता. आमच्या हिच्या चपला!

ती खाली येताच सुरू झालो. कोणी बोलावलं? नाव लिहून घेतलं का? काहून गेली होती?

"तिथं मले कोनीच इचारलं नाही," ती म्हणाली, "काहून आली म्हणून."

तिच्या चपला आता आमच्याच दारात आहेत. तरी मी उठून बघून आलो.