पावलं मोजायचं घड्याळ

पुणे

संगीताक्कास सोमनाथचा नमस्कार. मी बरा हाय, पोटभर जेवतो.

फोन केला की धाकटा लखन स्पीकर लावतो न् सगळं नेकनूर गाव ऐकतं, म्हणून पत्र.

मी कामाला हाय त्या दुकानात पावलं मोजायचं घड्याळ लई खपतं. लिफ्टनं उतरून गाडीत बसणारे येडे ते घेतात. आबा दिवसभर मेंढरांमागं चालतात, कधी मोजलं का? त्यांचा गुडघा कसाय?

मोबाईलचा तर वीट आलाय. ऋतुजाशी भांडण झालं, त्या रागात मी तिचं नाव स्टेटसला टाकलं. चोवीस तासांत पुसतं म्हणे! तिच्या भावानं तासाभरात पाहिलं, तिचा फोन काढून घेतला.

तू स्वतः तिच्याकडं जा. मी परत येऊन अर्धं सोडलेलं कॉलेज पुरं केलं तर लग्नाला थांबशील का, एवढंच विचार. काय म्हणंल ते तसंच कळव, माझं मन राखू नको.

तुझा सोमनाथ