समुद्राच्या बुडाला पाडलेलं भोक

प्रिय केवळाआत्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहून राहिले. फाडू नकोस, चष्मा लावून सावकाश वाच. अगं, मंगळवारी मी भर समुद्रात धरणीचा हादरा पकडला! कुणाच्या कपातला चहासुद्धा हलला नाही, पण माझ्या पडद्यावरची रेघ थरथरली.

इथलं काम मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. किनारा दिसत नाही इतक्या आत, तरंगत्या लोखंडी फलाटावर आम्ही शंभरेक माणसं राहतो. खाली पाणी, पाण्याखाली तळ आणि तळाच्याही खाली काही किलोमीटर गेलेल्या तेलाच्या विहिरी. तेल वर ढकलायला शेजारच्या विहिरीतून जोरानं पाणी कोंबतात. माझं काम खडकाचा आवाज ऐकायचं. तळावर यंत्रं ठेवलीत, ती मला कळवतात.

सकाळी अकराला पहिला हादरा आला. वाटलं, जवळून मोठं जहाज गेलं असेल. मग दुसरा, आणि तासाभरात सात! सगळे पाणी कोंबायच्या विहिरीपाशी, खडकातल्या जुन्या भेगेवर. आदल्याच दिवशी पंपाचा जोर वाढवला होता. मी धावतच अमरेश सरांकडे गेले. ते इथले मुख्य, आपल्या उदगीरचेच. एक जण म्हणाला, "एवढ्याशा थरथरीला काय भ्यायचं?" माझी नोकरी अजून कच्ची, तरी म्हणाले, "भेग सरकून राहिली सर, पंप थांबवा." सरांनी रेघा दोनदा पाहिल्या. "पोरगी बराबर बोलून राहिली. बंद करा."

दुसऱ्या दिवशी तीनच हादरे आले, शुक्रवारी रेघ सपाट. आत्या, मी जेवणाच्या खोलीत नाचले गं! आता नियमच झालाय: पंप हळूहळू वाढवायचा आणि माझी रेघ हलली की कुणाला न विचारता थांबवायचा.

नुसतं भोक पाडून सहसा काही होत नाही. पण पाणी कोंबलं किंवा लई उपसा केला, तर आधीच ताणलेली भेग घसरू शकते. हादरे बहुतेकदा बारीकच, क्वचित मोठेही. किल्लारीच्या भूकंपाशी असल्या विहिरींचा संबंध नव्हता, हेही तुला सांगायला हवं.

गेल्या पंचमीला निलंग्यात आमच्याकडे घरभर पाहुणे असताना तू विचारलंस, "पोरी, समुद्राच्या बुडाला भोक पाडल्यावर धरणी हलत न्हाई का गं?" मी हसले. म्हणाले, सुई टोचली म्हणून म्हैस दचकत नाही, आत्या. सगळे हसले. तू भरलं ताट ठेवून उठलीस आणि औशाची एसटी धरलीस. ज्या बाईनं किल्लारीत आपल्या लेकीला, आरतीला, ढिगाऱ्यातून स्वतःच्या हातांनी काढलं, ती विचारत होती. आणि जिला तिनंच शिकवलं, ती मी दात काढत होते. आत्या, उत्तर 'हाव' असं आहे. हलू शकते. मंगळवारी सरांपुढे उभी राहिले तेव्हा तुझाच प्रश्न डोक्यात घुमत होता, नाहीतर मीही त्या सात रेघा सोडून दिल्या असत्या. मला माफ कर. वीस तारखेला लातूरला उतरून निलंग्याला न जाता आधी औशाला तुझ्याकडे येते. जेवू घालायचं की नाही ते तू ठरव, पण दार उघड.

तुझीच,
ऋतुजा