जास्तीचा एक पत्ता

प्रिय ताई,

परवा तुझा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. रागावू नकोस. पत्त्यांची स्पर्धा संपली तेव्हा पायांचे तुकडे पडले होते, आणि तू तर नुसत्या आवाजावरून सगळं ओळखतेस. म्हणून लिहिते.

माझं पंचाचं काम तुला अजून पोरखेळच वाटतं. टेबलांमधून फिरायचं, हात वर झाला की धावायचं. बरेचसे हात एकाच कारणासाठी वर होतात: गड्डीतून पत्ता ओढताना खालचाही उलटतो, आणि बघायचा नाही तो दिसतो. बहुतेकदा त्यात लबाडी नसते. घामट बोटं असतात, घाई असते. मग ताकीद द्यायची आणि तो पत्ता आत घालून गड्डी पिसायची, म्हणजे दिसल्याचा फायदा कुणालाच नको. आधीच्या एखाद्या चालीमुळे गड्डीतल्या ज्या पत्त्यांची जागा खेळाडूंना आधीच ठाऊक आहे, ते मात्र पिसायचे नाहीत, जसेच्या तसे परत ठेवायचे. पण तीच चूक तिसऱ्यांदा झाली की डाव गेला. मुद्दाम केली नसली तरी.

या वेळी बाबाही खेळत होते. घरच्या माणसाच्या टेबलावर मी जात नाही, पण दुसरा पंच जेवायला गेलेला आणि मुख्य पंच एका भांडणात अडकलेले. हात बाबांनीच वर केला होता. समोर कॉलेजातली एक मुलगी. "पंचबाई, मला एक पत्ता जास्त दिसला," बाबा म्हणाले. मी ताकीद दिली, गड्डी पिसली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ती मुलगी म्हणाली, "जाऊ द्या ना काका, मी तर बघितलंसुद्धा नाही." बाबा गप्प बसले असते तर कुणाला काही कळलंही नसतं. पण म्हणाले, "तू नाही बघितलंस, मी बघितला ना!"

तिसऱ्या वेळी मी शेजारीच उभी होते. माझं लक्ष पत्त्यांकडे नव्हतंच. हात टेबलावर नुसता टेकवलेला असतानाही त्यांचा उजवा अंगठा थरथरत होता. आणखी एका चालीत ते जिंकणार होते. मी "डाव गेला" म्हटलं, तेव्हा आवाज माझाच आहे असं वाटेना. बाबा हसले, पत्ते आवरू लागले. तेही धड जमेना. शेवटी त्या मुलीनेच गोळा करून दिले.

घरी येताना म्हणाले, "निकाल बरोबर दिलास." मग हळूच, "ताईला इतक्यात सांगू नकोस, उगाच घोर लावून घेईल." म्हणजे त्यांना कधीचं ठाऊक होतं. चहा अर्धा कपच का मागतात, बटणांचे शर्ट का घालत नाहीत, ते मला तेव्हा उमगलं.

काल त्यांना डॉक्टरांकडे नेलं. कंपवात आहे. औषधांनी बरीच वर्षं निभेल म्हणाले, पण जाणार नाही. बाबांनी ते मान डोलावत ऐकलं आणि बाहेर येऊन मलाच धीर देत बसले. आज सकाळपासून मी त्यांच्यासमोर हसते आहे, आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहते आहे. ताई, त्यांनी सांगू नकोस म्हटलं तरी सांगते आहे. चार दिवस सुट्टी काढ आणि ये. त्यांच्यासाठी म्हणून नको येऊस, त्यांना ते आवडायचं नाही. माझ्यासाठी ये. मी फार दमले आहे गं.

तुझीच,
धाकटी