सातू भाजताना

आई, आज तुझ्या लोखंडी कढईत मी सातू भाजले. मोड आणून वाळवलेले, माल्ट म्हणतात ते. कशासाठी, ते तुला आवडणार नाही. पण तुला न आवडणाऱ्या गोष्टी करण्यातच माझे केस पिकले, आता लपवायचं कशाला. बिअर करायची आहे. लागर, तांबूस रंगाची, घरच्या पातेल्यात होईल एवढीच. बराचसा फिकट माल्ट, त्यात रंगापुरता आणि खमंगपणापुरता भाजलेला, कडवटपणा बेताचा, आणि मग तुझ्या जुन्या फ्रिजच्या थंडाव्यात आठवडेच्या आठवडे सावकाश आंबवायची. कागदावर सगळं जुळलंय. भाजलेला माल्ट विकतही मिळतो, पण त्याला गोणीचा वास येतो. मला वास हवा होता तो तुझ्या नागलीचा.

ओल्या फडक्यात नागली बांधून ती पुरचुंडी तू खुंटीला टांगायचीस, मोड आले की गच्चीवर वाळवायचीस आणि मंद आचेवर भाजत बसायचीस. कॉलनीत कुणाकडे बाळ झालं की नागलीचं सत्त्व आपल्या घरून जायचं. एकदा मला कढईपाशी बसवून तू उठलीस. मी रंगाकडे बघत राहिले. नागली आधीच काळपट, करपलेली कळायची कशी? तू ओरडली नाहीस. म्हणालीस, "डोळे मिट. वास गोड झाला की उतरव." तेच नाक तू दारातही वापरायचीस. दादा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून ड्यूटी संपवून यायचे, तू दार उघडून एक श्वास घ्यायचीस आणि ताटं वाढायची की मला शेजारच्या काकूंकडे धाडायचं, ते ठरवायचीस. शेवटी पोटात पाणी होऊन ते गेले. बाप गेला तरी आपण दोघी त्या दिवशी फार रडलो नाही, हे मला अजून आठवतं.

मग मी वाइनरीच्या लॅबमध्ये नोकरी धरली. सांगितलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस. हात थांबला. "ज्यानं आपलं घर खाल्लं, तेच शिकून आलीस?" एवढं बोललीस आणि पुन्हा विषय काढला नाहीस. काकूंना मात्र सांगत राहिलीस, पोरगी द्राक्षांच्या रसाच्या कंपनीत आहे. मला भयंकर राग यायचा. रस म्हणे! तू गेलीस तोवर तो रसच राहिला.

आज वास गोड झाला, मी कढई उतरवली, आणि बघते तर दारात काकू. आता काठी टेकत चालतात. "तुझ्या आईच्या सत्त्वाचा वास आला गं," म्हणाल्या, "कुणाकडे बाळ झालं?" मी म्हटलं, "हो काकू, सत्त्वच आहे, मैत्रिणीच्या नातवासाठी." त्यांचे डोळे भरून आले. तुझी आठवण काढत त्या गेल्या, त्यांचं दार लागेपर्यंत मी तशीच उभी होते. तुझं जे खोटं मला आयुष्यभर टोचलं, ते माझ्या तोंडी इतकं तयार कसं होतं, कोण जाणे. लाज वाटली. तुलाही दर वेळी अशीच वाटत असणार, माझ्यापायी.

सातू डब्यात भरून ठेवलेत. पुढचं काही केलं नाही. वाइन तोंडात घोळवून थुंकता येते, आमचं कामच ते. बिअरचा कडवटपणा मात्र घशाखाली उतरल्याशिवाय नीट कळत नाही. ही लागर जमली की फसली, ते ठरवायचं तर मला ती गिळावी लागेल, आणि तिथंच माझा हात अडतो. कारण इतक्या वर्षांत, आई, मी एक घोटही गिळलेला नाही. मी कामावरून यायचे, तू दार उघडून श्वास घ्यायचीस आणि न बोलता आत वळायचीस, तेव्हाही नाही. तोंडाला वास होता, पोटात काही नव्हतं. एवढं सांगितलं असतं तर तुला रात्री झोप लागली असती. तू विचारलं नाहीस, आणि मीही तुझीच मुलगी, सांगितलं नाही.