आठ कोरच्या कुरडया

६ एप्रिल
सोनलच्या रुखवतासाठी कुरडया शैलाच्या! माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न, आणि कुरडया शेजारणीच्या! वर सगळ्यांदेखत मला म्हणते, "ताई, तुमच्या कुरडया फोडायला कारखान्यातून हातोडा आणावा लागते." सगळ्या हसल्या. सोनलची आईसुद्धा.
सूड घेणार.

७ एप्रिल
सोनलनं नवा लॅपटॉप दाखवला. प्रोसेसर आठ कोरचा, म्हणजे एका डोक्यात आठ कामकरी. पडद्यावर आठ आलेख. एक छताला टेकलेला, सात जमिनीवर झोपलेले. राबणारा कोण ते लगेच ओळखलं. मी. बाकीचे सात म्हणजे शैला.
सोनल म्हणाली, आत्या, काम तुकडे करून वाटलं तरच आठही कोर चालतात. आणि सगळ्यांना एकाच्याच हातून काही घ्यायचं असेल, तर बाकीचे नुसते वाट बघतात.
पहिलं पटलं. दुसरं किरकोळ.

९ एप्रिल
गहू भिजवले. आठ बायका, आठपट वेग. दुपारपर्यंत रुखवत माझं. सोनल धरून सहाजणी सोऱ्या घेऊन, चीक शिजवायला मी. आठवी शैला. तिला मुद्दाम बोलावलं. काम: कावळे हाकणे. उन्हात.

१२ एप्रिल
गहू वाटले. देवानंदचा फोन. ताई, शैलाताईच करून राहिल्या तर करू दे ना, म्हणाला. भाऊ म्हणे! फोन ठेवला.

१३ एप्रिल, सकाळ
गच्चीवर सगळ्या हजर. पातेलं एकच कावून, बेबीताईनं विचारलं. म्हटलं, दुसऱ्या पातेल्यापाशी दुसरी मी कुठून आणू? चीक मी चाखल्याशिवाय कोणाला मिळणार नाही.

थोड्या वेळानं
बेबीताई ओरडून राहिली, "बाई, चीक कधी देता? आमचा सोऱ्या वाळला!" बाकीच्या साड्यांवर बोलत बसल्या. कामचुकार कोर. शैला सावलीत. कावळा एकही नाही. कावळेही तिला फितूर.

नंतर
चीक गार झाला. दगड. दोन सोरे अडकले. सोनल म्हणाली, आत्या, सांगितलं होतं न मी. म्हटलं, गव्हाचा दोष आहे.
शैला उठली. घरून शेगडी आणि पातेलं आणलं, न शिजवलेला अर्धा चीक ओतून घेतला. माझा! "चला गं, तिघी इकडे या." तिघी गेल्या. माझ्या हातातला चाटू सोनलनं घेतला. बस जरा, दमलीस, म्हणाली. मी दमले नव्हते.

संध्याकाळ
गच्ची पांढरी झाली. दुपारच्या आत संपलं. पद्धत माझीच होती. रुखवतात कुरडया "सगळ्यांच्या" म्हणून मांडायच्या, असं सोनलच्या आईनं ठरवलं. शैला हो म्हणाली. तिला कमीपणा वाटला असणार.
सात जणी राबत होत्या तेव्हा शैलानं काठी माझ्या हातात दिली. "ताई, कावळे तेवढे बघा."
मग आले कावळे.
एकही बसू दिला नाही.